सव्वा डॉलरचं दूध

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातील भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती काढून संकेतस्थळासाठी संपादित.)

नमस्कार मंडळी. फराळाच्या आधी बोलायचंय, त्यामुळे लांबण लावत नाही. अमेरिकेत नवे विद्यार्थी आणि नवी कुटुंबं आली की घरखर्चाबद्दल दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला मोठ्याने: कुठे स्वस्त मिळतं? दुसरा जरा दबक्या आवाजात: तिथून घेणं बरोबर आहे का? दोन्हींचं उत्तर आज एकत्रच देतो, कारण कुठलीही वस्तू स्वस्त का आहे हे कळलं की निम्मा नैतिक प्रश्न आपोआप सुटतो.

सुरुवात दुधापासून. समजा, डॉलर स्टोअरच्या फ्रीजमध्ये 16 औंसांचं दूध सव्वा डॉलरला दिसलं. गॅलनमध्ये 128 औंस, म्हणजे अशी आठ खोकी. गॅलन पडला 10 डॉलरला! सुपरमार्केटात तो साधारण निम्म्या पैशांत किंवा त्याहूनही कमी पैशांत मिळतो. आधी छोटी किंमत ठरवायची आणि मग तिच्यात बसेल एवढा पुडा बारीक करायचा, ही या दुकानांची रीत. डॉलर ट्री या अशाच दुकानांच्या साखळीने 2021 च्या अखेरीस डॉलरचा सव्वा डॉलर केला तेव्हा बोंब झाली. पुडा बारीक होतो तेव्हा मात्र कुणी बोलत नाही. खिशात दोन-तीनच डॉलर असलेल्याला मोठा कॅन झेपत नाही, म्हणून तो महाग दूध घेतो. याला स्वस्ताई म्हणायचं तरी कसं?

बचाव एकच: फळीवरच्या चिठ्ठीत मोठ्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात छापलेला दर, म्हणजे औंसाला किंवा पौंडाला किती पडतात ते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत तो लावणं मोठ्या दुकानांना सक्तीचं आहे. देशभरासाठी तसा कायदा नाही, त्यामुळे काही ठिकाणी हा दर नसतोच. असला तरी गफलत होते. एका डाळीचा दर औंसाला आणि शेजारच्या डाळीचा पौंडाला लिहिलेला असतो. औंसाच्या दराला 16 ने गुणा, मगच तुलना करा. तुपाच्या बरणीवरचा औंस वजनाचा की मापाचा, तेही बघा. कागदी रुमालांत एक कंपनी शंभर कागदांचा दर देते, दुसरी चौरस फुटांचा. सेलची पिवळी चिठ्ठी लावली तरी खालचा दर जुनाच राहिलेला असतो. फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे, लाजू नका. वाण्याकडे आपले आजोबा तराजूचा काटा बघायचेच.

मोठं पोतं नेहमीच फायद्याचं, असंही नाही. एका पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते. दोघांच्या घरात रोज सहा पोळ्या झाल्या तर 180 ग्रॅम. 20 पौंडांचं पोतं म्हणजे 9 किलो, ते 50 दिवस पुरतं. थंडीत चालून जातं. उन्हाळ्यात, घर गरम असेल तर, गव्हाच्या अंकुरातल्या तेलामुळे कणकेला खवट वास येतो आणि किडे होतात. पोतं आणल्या दिवशीच पिशव्या बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये, शून्य फॅरनहाइटला, ठेवा. किडे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं आणि बुरशी येते. टाकून दिलेली तीन पौंड कणीक हिशेबात धरली की पोत्याचा दर दुकानातल्या छोट्या पिशवीच्या वरही जाऊ शकतो.

कॉस्टको या सभासदांसाठीच्या घाऊक दुकानाची वर्षाची वर्गणी 65 डॉलर आहे, म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेपाच. एकट्या विद्यार्थ्याची तेवढी बचत होईलच असं नाही. चार रूममेटनी एकच कार्ड फिरवायचं हा मार्ग बंद झालाय, दारातच कार्ड स्कॅन होतं. पण सभासदाला सोबत दोन पाहुणे नेता येतात. पैसे मात्र सभासदानेच द्यायचे. तेव्हा शेजारच्या काकूंबरोबर जा, तेल-तांदूळ वाटून घ्या आणि काकूंचे पैसे त्याच संध्याकाळी पाठवा. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय.

आता खऱ्या स्वस्ताईकडे येऊ. तिच्या दोन जाती आहेत. एक काम वाचवून आलेली. ऑल्डी या सुपरमार्केटात सामानाच्या ढकलगाडीसाठी क्वार्टर, म्हणजे 25 सेंटचं नाणं, अडकवावं लागतं आणि गाडी जागेवर लावली की ते परत मिळतं, म्हणून गाड्या गोळा करायला वेगळा माणूस लागत नाही. माल खोक्यासकट फळीवर जातो, बारकोड मोठे छापलेले असतात, पिशव्या आपण आणायच्या. आपल्याकडे डीमार्ट स्वस्त का, तर जागा बहुतेक स्वतःच्या आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते. यात कुणाच्या ताटातलं काढून घेतलेलं नाही. अशा दुकानात कमी पैशांत खरेदी केली तर मनाला टोचणी लावून घ्यायचं काहीच कारण नाही.

दुसरी जात, खर्च दुसऱ्याच्या माथी मारून आलेली. डॉलर जनरलने 2024 मध्ये कामगार खात्याशी तडजोड करून 1 कोटी 20 लाख डॉलरचा दंड मान्य केला. तक्रारी कसल्या, तर मालाच्या खोक्यांनी अडलेले बाहेर पडायचे दरवाजे, अडलेली अग्निशामक साधनं, धोकादायक रीतीने रचलेला माल. पाळीला माणसं कमी असली की ट्रकमधून उतरलेला माल फळीवर लावायला हात उरत नाहीत, आणि खोकी वाटेतच राहतात. त्याच वर्षी फॅमिली डॉलरला आर्कान्सामधल्या उंदरांनी भरलेल्या गोदामापायी 4 कोटी डॉलरहून जास्त दंड झाला. तिथून अन्न आणि औषधंही दुकानांत जात होती. 2020 मध्ये संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने काही राज्यांची माहिती तपासली, तेव्हा सरकारी अन्नमदत आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) घेणाऱ्या नोकरदारांच्या मालकांत वॉलमार्टचं नाव वरच्या ओळीत होतं. म्हणजे बिलावरची किंमत पुरी नव्हती. उरलेली करातून भरली जात होती.

कपड्यांचं तर विचारूच नका. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, 1,100 हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिवणकाम करणाऱ्यांना आत पाठवलं गेलं. त्यानंतर युरोपातल्या अनेक कंपन्यांनी कामगार संघटनांबरोबर कारखान्यांच्या सुरक्षेसाठी कायद्याने बांधणारा करार केला. वॉलमार्ट आणि गॅपने वेगळी, कंपन्यांच्याच हातातली व्यवस्था उभी केली. मुलं वर्षात दोन मापं ओलांडतात. त्यांच्यासाठी गुडविलसारखं जुन्या कपड्यांचं दुकान किंवा मंडळातली अदलाबदल, दोन्ही नव्या पाच डॉलरच्या टी-शर्टपेक्षा स्वस्त आणि स्वच्छ.

मग ज्याचा महिना 25 तारखेलाच संपतो, त्याने काय करायचं? आमचं मत स्पष्ट आहे: जिथे दर कमी, तिथे घ्या. नोकरी गेलेल्या एच-वन-बीवाल्याकडे नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस असतात, आणि अन्नमदत त्याला मिळत नाही. त्याला वॉलमार्टच्या पापाचा हिशेब विचारणं हा भरल्या पोटाचा उद्योग आहे. हिशेब विचारायचा तर ज्यांच्याकडे महिन्याला चारशे-पाचशे डॉलर शिल्लक पडतात त्यांना. त्यातले बरेच जण आज याच सभागृहात बसलेत.

काही गोष्टी मात्र पैशांशिवाय पाळता येतात, आणि तिथे गरीब-श्रीमंत सगळे सारखेच. काही दुकानांत फळीवर ‘विक’ (WIC) असं लेबल असतं. ती बाळंतिणी आणि लहान मुलांसाठीची सरकारी योजना. त्यांना ठरलेली वस्तू ठरलेल्या मापातच घेता येते, बऱ्याचदा ब्रँडही ठरलेला. त्यातलं शेवटचं पाकीट तुम्ही उचललंत, तर त्या बाईला शेजारचं घेता येत नाही. तुम्हाला येतं.

दुसरी गोष्ट, माल परत करण्याची. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की हवेची गादी येते आणि ते विमानात बसले की गादीही परत जाते. वर्ल्डकपला मोठा टीव्ही येतो, फायनलनंतर खोक्यात जातो. हसताय, म्हणजे ओळखीचं आहे! वापरलेली गादी पुन्हा फळीवर लागत नाही. ती घाऊक भावात फुंकली जाते नाहीतर कचऱ्यात जाते, आणि तो खर्च पुढच्या गादीच्या किमतीत चढतो. गादी मंडळाच्या यादीवर टाका, दर उन्हाळ्यात कुणाचे तरी आई-बाबा येतातच.

शेवटचं, आपलं देशी दुकान. तांदूळ, कणीक, तूप आपण सगळे कॉस्टकोतून आणतो आणि त्याच्याकडे फक्त कढीपत्ता, जाडे पोहे आणि आमसुलं घ्यायला जातो. दुकान चालतं ते पोत्यांच्या खपावर. आमसुलाचं पाकीट सहा महिने पडून असतं. पोत्यांचा खप गेला की आमसुलंही जातात. मोठ्या साखळीला मिळणारा भाव त्याला मिळत नाही. याच भेदाविरुद्ध 1936 चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा आहे, पण 1980 च्या दशकापासून तो क्वचितच वापरला गेला. परवडत असेल त्यांनी वर्षातली निदान दोन पोती त्याच्याकडून घ्यावीत. घेताना कार्डही जपून वापरा: दर स्वाइपमागे दोन-तीन टक्के त्याच्या खिशातून जातात. वीस डॉलरच्या आतलं बिल असेल तर रोख द्या.