आवळा: अन्न की औषध?

किराणा दुकानाच्या एकाच फळीवर मोरावळा आणि च्यवनप्राश शेजारी असतात. फळ तेच, पण कायद्याच्या लेखी मोरावळा अन्न आणि च्यवनप्राश औषध.

मार्च 2020 मध्ये आयुष मंत्रालयानं रोज सकाळी 10 ग्रॅम च्यवनप्राश घ्यायला सांगितलं आणि मागणी उसळली. घरगुती उद्योगाला मात्र हे दार अरुंद आहे. औषध बनवायचं तर 25-डी हा आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना लागतो, औषध नियमांतल्या अनुसूची टी प्रमाणे किमान 1200 चौरस फूट बांधीव जागा लागते, शिवाय पात्र तंत्रज्ञ. मोरावळ्याला अन्नाचा परवाना पुरतो.

पण मोरावळा सोपा नाही. आवळे टोचून 2 टक्के मिठाच्या पाण्यात दिवसभर ठेवले की तुरटपणा कमी होतो. मग ते वाफवायचे. थेट घट्ट पाकात टाकले तर आतलं पाणी झपाट्यानं बाहेर येतं आणि फळ सुरकुततं. म्हणून पातळ पाकापासून सुरुवात करून तो रोज थोडा आटवायचा. पाकातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 70 ब्रिक्स (साधारण 70 टक्के साखर) दिसले म्हणून लगेच बरण्या भरू नयेत. आवळ्यातलं पाणी पाकात उतरतच राहतं, आकडा 65 च्या खाली येतो आणि पाक आंबून झाकणाखाली फेस धरतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजावं, कमी भरला तर पाक आटवावा. लोखंडी कढई वर्ज्यच: टॅनिन आणि लोह एकत्र आले की सगळं काळं पडतं.

मे 2022 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ‘आयुर्वेद आहार’ हा वेगळा वर्ग आणला. आयुर्वेदाच्या प्रमाण ग्रंथांतल्या कृतींवर आधारलेले पदार्थ इथे अन्न म्हणून विकता येतात. त्यात कृत्रिम जीवनसत्त्वं किंवा खनिजं घालायची नाहीत. धातू-रत्नांपासून केलेली भस्मं आणि पिष्टी चालत नाहीत. बिब्बा, धोतरा, गुंज यांसारख्या अनुसूची ई-1 मधल्या, म्हणजे औषध नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीतल्या, वनस्पतीही नाहीत. 24 महिन्यांखालच्या बाळांसाठी हा आहार नाही. वेष्टनावर ठरलेलं बोधचिन्ह हवं.

खरी गडबड वेष्टनावरच्या मजकुरात होते. पाककृती निर्दोष असते, आणि छापखान्यात कुणीतरी ‘मधुमेह बरा करतो’ अशी ओळ घालतं. अशा जाहिरातीला 1954 चा चमत्कारिक उपाय कायदा लागतो. अन्न सुरक्षा कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा दंड 10 लाखांपर्यंत जातो. रोगाचा धोका कमी होतो, एवढं म्हणायलाही आधी प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते.