चिमूटभर मिठाने खळ पातळ का होते?

नमस्कार. या दोन वाट्या बघा. दोन्हींत 100 मिली पाणी आणि 4 ग्रॅम पोटॅटो स्टार्च. आधी गार पाण्यात कालवून घेतलंय, नाहीतर गुठळ्या होतात. मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवलंय. डावीकडची खळ पारदर्शक आणि घट्ट. चमचा उचलला की लांब तार येते. उजवीकडची पातळ कढीसारखी सुटते. तिच्यात 1 ग्रॅम मीठ जास्त आहे, एवढाच फरक.

बटाट्याच्या स्टार्चला फॉस्फेटचे गट जोडलेले असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. हे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून शिजताना कण टम्म फुगतो. मिठातलं सोडियम तो भार झाकतं. लोटणं थांबलं, फुगणं कमी झालं. कॅल्शियम हेच काम आणखी जोरात करतं. त्यामुळे ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत बोअरच्या जड, म्हणजे कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्याचा टँकर आला, तर त्याच मापाने केलेली खळ त्या दिवशी पातळ होऊ शकते.

कॉर्नफ्लॉवरमध्ये हे फॉस्फेट नगण्य, त्यामुळे 1 ग्रॅम मिठाने त्याला फारसा फरक पडत नाही. पण 100 मिलीला 6 ग्रॅम मीठ घाला आणि थर्मामीटर लावा. साध्या पाण्यात 70 अंशांच्या आसपास आळायला लागणारं मिश्रण आता काही अंश उशिरा आळतं, कारण मीठ पाणी स्वतःकडे धरून ठेवतं.

मीठ, म्हणजे क्षार, कोणता हेही महत्त्वाचं. आपलं रोजचं मीठ हे सोडियम क्लोराइड. सल्फेट आळण्याचं तापमान क्लोराइडपेक्षा जास्त चढवतं, आयोडाइड उलट उतरवतं. क्षारांचा हा क्रम शास्त्रज्ञ फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी 1888 मध्ये अंड्याच्या प्रथिनांवर मांडला होता. आणि कॅल्शियम क्लोराइडच्या अतिशय गाढ द्रावणात तर स्टार्च न तापवताच फुगतो!

मोदकाची उकड चिरली तर मिठाला दोष देऊ नका. तेवढ्याशा मिठाने तापमान जेमतेम हलतं. पाणी कमी पडलेलं असतं किंवा वाफ नीट बसलेली नसते. पोटॅटो स्टार्चच्या सूपमध्ये मात्र मीठ आधी घाला, चव बघा, मगच स्टार्च लावा. आळलेल्या सूपवर मीठ टाकलं तर ते पुन्हा सैल पडतं.