पोथीतली दोन रुपयांची नोट

(नाशिकरोड. सकाळची पाळी. प्रेसच्या दिशेने निघालेल्या दुचाक्या.)

ही नोट आजीच्या पोथीत सापडली. दोन रुपयांची, घडीवर विरलेली. मागच्या बाजूला अनेक पैलूंचा एक गोळा आहे. लहानपणी आम्हाला तो आकाशकंदीलच वाटायचा. तो आर्यभट, आपला पहिला उपग्रह. वजन ३६० किलो. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यारहून तो वर गेला.

नोटा छापणारं गाव आहे आमचं. १९२८पासून नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस चालते. अवकाशाचे जुने फोटो शोधायला मी लागलो, तो या नोटेमुळे.

(दाणेदार, काळपट फोटो. खाली ढग, वर काळं आकाश.)

२४ ऑक्टोबर १९४६. अवकाशातून घेतलेला पृथ्वीचा हा पहिला फोटो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून जर्मन बनावटीचं व्ही-२ रॉकेट उडालं. आत सिनेमाचा कॅमेरा, दर दीड सेकंदाला एक चित्र. शंभर किलोमीटरच्या वर जाऊन रॉकेट कोसळलं. कॅमेऱ्याचा चुरा झाला, पोलादी डबीतली फिल्म तेवढी वाचली.

असं थांबून थांबून एकेक चित्र घ्यायचं, हे आमच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना पक्कं ठाऊक होतं. वाटाण्याचं रोप कसं वाढतं, ते त्यांनी याच रीतीने दाखवलं होतं. १९४४ साली ते नाशिकमध्येच गेले. हा फोटो त्यांनी बघायला हवा होता, असं मला फार वाटतं.

(थुंबा, केरळ. सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचा शंकू.)

१९६३ साली इथून पहिलं रॉकेट उडालं. चर्चच्या इमारतीत कामकाज, सायकलवर सुटे भाग. हा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो.

(बैलगाडी. गाडीवर उपग्रह.)

इथे मात्र जरा थांबायचंय. हा ॲपल. ‘बघा, किती गरिबी होती’ म्हणून हा फोटो मोबाइलवर फिरतो. मला ते पटत नाही. ॲपल दळणवळणाचा उपग्रह होता, त्याची अँटेना तपासायची होती. ट्रकवर ठेवला असता, तर लोखंडावर आपटून लहरी परतल्या असत्या आणि मोजमाप बिघडलं असतं. मोकळं मैदान हवं होतं, आणि उपग्रहाखाली धातू नको होता. म्हणून लाकडी गाडी आली, बैल आले. यात काटकसर असेलही, पण त्याआधी अक्कल आहे. निफाडकडे कांद्याची गाडी ओढणारी बैलजोडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हा फोटो मान वर करून पाहावा.

१९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान रॉकेटने ॲपलला वर नेलं. त्याचा एक सौरपंख उघडलाच नाही. तरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याने काम केलं.

(बंगळूरुजवळचं पीण्या. शेडमध्ये आर्यभटभोवती उभे तरुण अभियंते.)

यू. आर. राव यांच्या हाताखालची ही तरुण मंडळी. उड्डाणानंतर काही दिवसांतच वीजपुरवठ्यात बिघाड झाला, आर्यभटवरचे प्रयोग थांबले. फेब्रुवारी १९९२मध्ये तो पृथ्वीच्या वातावरणात शिरून संपला.

तोवर त्याचं चित्र भाजीबाजारात, एसटीत, देवळाच्या ताटात, सगळीकडे फिरून आलं होतं.

(पुन्हा नोट. जवळून.)

आजीने ही एक खर्च केली नाही. कडेला कुंकवाचं बोट उमटलंय. बहुधा लक्ष्मीपूजनाचं.