एक प्रोटॉन आत, दोन बाहेर

डावीकडून एक प्रोटॉन येतोय. समोर कार्बन-12चं अणुकेंद्रक आहे: सहा प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन. टक्कर झाली, आणि बाहेर पडले दोन प्रोटॉन. त्यांच्या वाटांमधला कोन बघा. जवळपास काटकोन! धावती गोटी तिच्याच वजनाच्या थांबलेल्या गोटीवर तिरकी आपटली, की दोघी अशाच फाकतात. म्हणजे बारा जणांच्या गर्दीत शिरूनही प्रोटॉनने धडक दिली ती एकालाच. 1952 साली ओवेन चेंबरलेन आणि एमिलिओ सेग्रे या भौतिकशास्त्रज्ञांना कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत लिथियमवर प्रोटॉन सोडताना अशा जोड्या सापडल्या.

केंद्रकातली गोटी मात्र थांबलेली नसते, त्यामुळे तो काटकोन थोडा इकडेतिकडे सरकतो. या सगळ्या विषयात मला हा सरकलेला कोनच सगळ्यात मोलाचा वाटतो. धक्का बसला त्या क्षणी आतला प्रोटॉन कुठे, किती वेगाने निघाला होता, ते त्यात उतरलेलं असतं.

ऊर्जेचा हिशोबही तसाच बोलका. 1950च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या उप्सालात 185 एमईव्हीचे (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) प्रोटॉन वापरले गेले. आत गेलेली ऊर्जा आणि बाहेर आलेल्या दोघांची बेरीज यांत जी तूट येते, ती प्रोटॉन उपटून काढायची किंमत. कोणती तूट किती वेळा येते, त्याच्या कार्बनच्या आलेखात एक उंचवटा 16 एमईव्हीच्या आसपास, दुसरा त्याच्या दुपटीच्याही पुढे. केंद्रकात प्रोटॉन ऊर्जेच्या पायऱ्यांवर, म्हणजे कवचांत, बसलेले असतात. पहिला उंचवटा बाहेरच्या पी कवचातल्या चार प्रोटॉनचा, दुसरा आतल्या एस कवचातल्या दोघांचा.

आता काटछेद, म्हणजे क्रॉस सेक्शन: प्रोटॉन असा उडवला जाण्याची शक्यता, क्षेत्रफळाच्या भाषेत, मिलिबार्न या चिमुकल्या एककात. कवचात जितके जास्त प्रोटॉन, तितका तो मोठा. त्याच्या आलेखाचा आकारही कवच ओळखून देतो. मागे उरलेल्या केंद्रकाला जिथे जवळपास धक्काच बसत नाही, तिथे एस कवचाचा काटछेद शिखरावर असतो आणि पी कवचाचा खळग्यात.

खरी मेहनत आहे ती हा आकडा वाचण्यात. बाहेर पडताना दोन्ही प्रोटॉनना उरलेल्या गर्दीतून वाट काढावी लागते. खोलवरून निघालेला वाटेत पुन्हा कुणावर आदळला, की ती जोडी मोजणीतून बाद. म्हणून पृष्ठभागाजवळचे प्रोटॉन जास्त दिसतात. ही गळती हिशोबात धरली, तरी काटछेद साध्या कवच प्रारूपाच्या अंदाजापेक्षा कमीच भरतो. कारण प्रोटॉन-न्यूट्रॉन आपापल्या कक्षेत मुकाट बसत नाहीत. कार्बनमध्ये कुठल्याही क्षणी त्यांतले साधारण 20 टक्के एखाद्या अगदी जवळच्या जोडीत गुंतलेले असतात, आणि बहुतेक जोड्या एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन अशा.

अल्पायुषी केंद्रकांसाठी चाल उलटी करतात. प्रोटॉन द्रवरूप हायड्रोजनमध्ये जागेवर, आणि केंद्रकांचाच झोत त्यांच्यावर. जपानच्या रिकेन संस्थेत फ्लोरिन-29मधून असा एक प्रोटॉन उडवला, तेव्हा उरला ऑक्सिजन-28. 8 प्रोटॉन, 20 न्यूट्रॉन. दोन्ही मॅजिक नंबर, म्हणजे दोन्ही कवचं बंद, पूर्ण भरलेली असायला हवीत. तो तत्क्षणी फुटला: ऑक्सिजन-24 आणि चार न्यूट्रॉन. चारही पकडले गेले, आणि 2023मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. फ्लोरिन-29मधले काही न्यूट्रॉन 20व्या न्यूट्रॉनपाशी संपणाऱ्या कवचाची रेघ ओलांडून वरच्या कक्षांमध्ये गेलेले असतात. ऑक्सिजन-28मध्ये ते कवच बंद असतं, तर दोघांची रचना जुळली नसती आणि काटछेद लहान आला असता. तितका लहान तो आला नाही. तिथेही न्यूट्रॉन रेघेपलीकडे गेलेलेच होते.