व्हेरोनाचे चार दिवस

(दृश्य : व्हेरोना, व्हिया काप्पेल्लो. गजबजलेलं अंगण, वर दगडी बाल्कनी.)

जगभरातून लोक या अंगणात येतात. वर बघतात, फोन उंच धरतात आणि जाता जाता खालच्या ब्राँझच्या ज्युलिएटला, शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकाच्या नायिकेला, हात लावतात. पुतळ्याची उजवी बाजू बघा, हात फिरून फिरून कशी पिवळीधमक झालीय. 1972 साली इथे बसवलेला मूळ पुतळा याच लाडानं झिजला. 2014 मध्ये तो आत हलवावा लागला. समोर दिसतोय तो त्याच्या जागी आलेला दुसरा.

ज्युलिएटचं म्हणून दाखवतात ते हे घर खरंच जुनं आहे, मध्ययुगातलं. बाल्कनी मात्र 1930च्या दशकातली. व्हेरोनाच्या संग्रहालयांचे संचालक अंतोनिओ अवेना यांनी घराची डागडुजी केली, तेव्हा जुने कोरीव दगड जुळवून ती भिंतीवर चढवली. शेक्सपिअरच्या संहितेत ज्युलिएट येते ती साध्या खिडकीत.

जागा देखणी आहे, म्हणून आम्हीही इथे भरपूर चित्रीकरण केलं. पण हे नाटक चालतं कसं, ते इथे कळत नाही.

(दृश्य : तालमीचा हॉल. फरशीवर चिकटपट्टीच्या चौकटी. भिंतीवर चार कागद : रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार.)

इथे कळतं. भिंतीवर हे चार वार लावलेत, कारण गोष्ट एवढ्यातच उरकते. रविवारी सकाळी रस्त्यात दोन वैरी घराण्यांची मारामारी, रात्री मेजवानीत रोमिओ-ज्युलिएटची ओळख. सोमवारी दोघांचं गुपचूप लग्न, आणि लग्नाला तासभर होत नाही तोच रोमिओच्या हातून ज्युलिएटच्या मामेभावाचा, टिबॉल्टचा खून. गुरुवारचा कागद कुणी लावलाच नाही, कारण तोवर दोघंही उरत नाहीत.

शेक्सपिअरनं ही गोष्ट घेतली आर्थर ब्रुकच्या 1562 सालच्या दीर्घ कवितेतून. तिथे तिला नऊ महिने लागतात. त्यानं महिन्यांचे दिवस केले आणि सोळा वर्षांच्या ज्युलिएटला चौदाही पूर्ण होऊ दिली नाहीत. गाइडात या नाटकाचे नियती, योगायोग, व्यक्तिचित्रण असे कप्पे पाडलेले असतात. मुलं ते पाठ करतात, मार्कही मिळवतात. नाटककारानं कॅलेंडरला हात घातला, ही मूळ करामत मात्र कुठल्याच कप्प्यात बसत नाही.

(दृश्य : दोन तळवे, अगदी जवळून.)

मेजवानीचा प्रवेश. आता फक्त हात बघा, आणि ओळी मोजा. रोमिओच्या चार ओळी: तू देवस्थान, माझे ओठ यात्रेकरू. ज्युलिएटच्या चार: यात्रेकरूनं तळव्याला तळवा लावावा, तेवढं पुरे. मग एक तो, एक ती, अशी ओढाताण, आणि चौदावी ओळ संपते तिथे चुंबन. दोघांनी मिळून अख्खं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची यमकबद्ध कविता, रचलंय. बोलता बोलता दोन अनोळखी माणसांची यमकं जुळतात. प्रेम जडलं, असं वेगळं सांगायला पात्रच लागत नाही. तालमीत दिग्दर्शिका या चौदा ओळी नुसत्या टाळीच्या ठेक्यावर म्हणायला लावते. मुलांना आधी हसू येतं, मग येत नाही.

नाटकाची सुरुवातही सुनीतानंच होते. निवेदक येतो आणि शेवट सांगून मोकळा होतो: ही दोघं जीव देणार आहेत. रहस्य पहिल्याच मिनिटाला संपलं! इथून पुढे प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते पात्रांना नाही. नाट्यगत उपरोध म्हणतात तो हाच. तिसऱ्या अंकात ज्युलिएट रात्रीला लवकर ये म्हणून विनवत असते. टिबॉल्टला मारल्याबद्दल रोमिओला हद्दपारीची शिक्षा झाल्याचं आपण आधीच्याच प्रवेशात ऐकून बसलेलो असतो.

(दृश्य : लंडन, टेम्स नदीकाठचं ग्लोब नाट्यगृह. भर दुपारी मशाल घेतलेला नट.)

1997 साली खुलं झालेलं हे नव्यानं उभारलेलं ग्लोब. वर उघडं आकाश. शेक्सपिअरच्या काळात खेळ दुपारी व्हायचे आणि स्त्रीपात्रं मुलगे करायचे. मग रात्र कशी आणायची? मशालीनं, आणि शब्दांनी. रोमिओ ज्युलिएटला सूर्य म्हणतो, तेव्हा खरा सूर्य प्रेक्षकांच्या डोक्यावर असायचा. उजेड आणि अंधाराच्या प्रतिमांवर पानंच्या पानं लिहिली जातात. त्यातली निम्मी सोय प्रकाशयोजनेची आहे, हेही लिहायला हवं.

(दृश्य : 1599 सालच्या छापील प्रतीचं पान.)

चौथ्या अंकातलं हे पान. रंगसूचनेत पीटर या नोकराचं नाव हवं, पण छापलंय ‘विल केम्प येतो’. केम्प हा मंडळीतला विनोदी नट. लिहिताना लेखकाच्या डोळ्यांपुढे पात्राऐवजी नटच उभा असणार. आणि हा येतो कधी, तर ज्युलिएट मेली समजून घरात आक्रोश झाल्यावर लगेच, वाजंत्रीवाल्यांशी थट्टा करायला. बरेच दिग्दर्शक हा तुकडा कापतात. कापू नये. ती मेलेली नाही, पाद्रीबुवांच्या औषधानं मेल्यागत निपचित पडलीय, हे प्रेक्षकाला माहीत आहे, मग त्यानं रडावं तरी कशाला?

(दृश्य : पुन्हा तालमीचा हॉल. नट बुधवारचा कागद काढून हातात घेतो.)

आता या नाटकातली मला सर्वांत आवडणारी जागा. सोमवारची रात्र. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट मुलीचं लग्न पॅरिस नावाच्या तरुण सरदाराशी ठरवतोय. आज वार कोणता, तो विचारतो. सोमवार. मग बुधवार फार लवकर होईल, गुरुवार धरू. साधं घरगुती बोलणं. पण मंगळवारी ज्युलिएट लग्नाला होकार देते, म्हातारा खूश होतो आणि मुहूर्त बुधवारवर ओढतो. पाद्रीबुवांनी ते औषध घ्यायला सांगितलं होतं बुधवारी रात्री. आता तिला ते मंगळवारीच प्यावं लागतं. बापाच्या आनंदानं एक दिवस खाल्ला, आणि हद्दपार रोमिओला ही योजना कळवायला मँटुआला निघालेल्या पत्राची मुदत तेवढीच आटली.

औषधाचा अंमल बेचाळीस तास. कागदावर मांडून बघा, हिशेब जमत नाही. ती शुद्धीवर यायला हवी संध्याकाळी, येते पहाटेआधी. नाट्यगृहात हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पत्र अडतं ते साथीमुळे. प्लेगचा संशय आल्यानं पत्र नेणाऱ्या पाद्र्यालाच घरात कोंडून दाराला सील ठोकतात. प्रवेश तीसेक ओळींचा. 1592 ते 1594 या काळात प्लेगनं लंडनची नाट्यगृहं बहुतेक बंदच होती, त्यामुळे प्रेक्षकांना यात योगायोग वाटला नसावा.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: दोघं मरतात, दोन्ही घराणी हात मिळवतात आणि सोन्याचे पुतळे उभारायचं ठरतं.

(दृश्य : अठराव्या शतकातलं चित्र, थडग्याचा प्रसंग.)

रोमिओचा जीव जातो, आणि पंचवीस-तीस ओळींनी ज्युलिएट डोळे उघडते. 1748 साली इंग्लिश नट डेव्हिड गॅरिकला ही चुकामूक सोसवेना. त्यानं तिला आधीच जागं केलं आणि दोघांना एक संवाद लिहून दिला. लोक धाय मोकलून रडले, आणि हीच आवृत्ती जवळपास शंभर वर्षं चालली. घड्याळ पुन्हा जागेवर आणलं अमेरिकन अभिनेत्री शार्लट कुशमननं, 1845 साली लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात, शेक्सपिअरच्या संहितेकडे परत जाऊन. रोमिओ ती स्वतः होती, आणि ज्युलिएट तिची बहीण सुझन.