माळ्यावरच्या कॅसेट

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात व्हीएचएस कॅसेट आहेत, तीन-तीन तासांच्या. दूरदर्शनवर लागलेले कार्यक्रम घरच्या व्हीसीआरवर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट भरणाऱ्या आणि दाखवणाऱ्या मशीनवर, भरून ठेवलेले. एकीच्या पाठीवर आईच्या अक्षरात लिहिलंय, ‘पुसू नये’. परवा तीच उजेडात धरली, तर रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसले. बुरशी! अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घालू नका हं. बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

मग अनेकजण दबक्या आवाजात विचारतात, "हे कॉम्प्युटरवर उतरवलं तर कॉपीराइटचा गुन्हा होईल का?"

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ३९ सांगतं की, स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगने प्रसारण करणाऱ्याच्या हक्काचा भंग होत नाही. कलम ५२ मध्येही खाजगी वापरासाठी रास्त मोकळीक आहे. कॅसेटवरचं फाइलमध्ये नेणं हा त्याच वापराचा भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत यावर मोठी लढाई झाली. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्यांनी सोनीच्या बेटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरवर दावा लावला. टीव्हीवरचे मुलांचे लाडके फ्रेड रॉजर्स साक्षीत म्हणाले, माझा कार्यक्रम घरोघरी टेप होतो याला माझी काहीच हरकत नाही. १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी टेप करणं रास्त आहे.

मात्र तीच फाइल यूट्यूबवर टाकली किंवा प्रती काढून विकल्या, की खाजगी वापर संपला. त्या कार्यक्रमामागे लेखक, गायक, नट आहेत. त्यांचा हक्क आपण बुडवायचा नाही.

आणि वेळ दवडू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू मशीन मिळालं, तर कॅप्चर कार्ड, म्हणजे व्हीसीआरचं चित्र आणि आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारं उपकरण, लावून बसा. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतातच, घाई चालत नाही.

माझ्या दोन उतरून झाल्या. मध्ये जुन्या जाहिरातीही भरल्या गेल्यात. त्या मी कापल्या नाहीत. एका जाहिरातीच्या वेळी मागून आईचा आवाज येतो असं मला वाटायचं. पण व्हीसीआर खोलीतला आवाज भरत नाही, हे माहीत असूनही मी तो भाग दोनदा ऐकला.