ओंडक्यावर ओंडका

(काळोख. आधी फक्त आवाज. मग हळूहळू पहाट.)

हा आवाज वाकसाचा, लाकूड तासायच्या हत्याराचा.

नागपूरहून काटोल रोडने निघालं आणि कळमेश्वर मागे पडलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. त्यातल्याच एका बागेच्या धुऱ्याशी हा आवाज दीड वर्ष रोज सकाळी उठत होता. आबाजी, आई, बाबा, थोरला मुलगा आणि धाकटी, अशी पाच माणसं. सहावे गावातले वाढईकाका. ओंडक्यावर ओंडका रचून घर बांधायचं, आणि त्याला ठेकेदार नाही, मजूर नाही.

(धुऱ्यावरची सागाची रांग.)

ही झाडं आबाजींनी लावली, तेव्हा बाबा शाळेत होते. धुऱ्यावर सागवान लावायचा आणि पोरीच्या लग्नाला किंवा घराला कापायचा, ही आपल्या भागातली जुनी रीत. पण साग स्वतःच्या वावरातला असला तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यात तो अनुसूचित आहे, परवानगी लागते. ती मिळायला आठ महिने गेले.

अशा घराची कल्पना बाबांची. तरुणपणी ते संत्र्याचे ट्रक घेऊन उत्तरेत जायचे. एकदा हिमाचलात, कुल्लूच्या वरच्या अंगाला, गाडी तीन दिवस अडकली. तिथे ज्या घरात आसरा मिळाला, ते देवदाराच्या आडव्या तुळया आणि दगड यांचे थर रचून उभं केलेलं होतं. काठकुणी म्हणतात त्याला. चुना नाही, सिमेंट नाही, कोपऱ्यात लाकूड लाकडाला धरून बसलेलं. बाबा सांगतात, तिन्ही रात्री ते हातात टॉर्च घेऊन तो कोपराच बघत होते. परत आल्यावर नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे, त्यांचे सागवानी खांब, लकडगंजातल्या आरा मशिनी, सगळं त्यांनी नव्याने पाहिलं. आपल्याच लाकडाचं घर आपल्याच हातांनी का होऊ नये, हा प्रश्न तिथून सुरू झाला. वीस वर्षं तो डोक्यात राहिला.

(साल सोलणारी आई. कडेला पांढरट लाकूड, आत सोनेरी.)

आता हे नीट बघा. कडेचं हे पांढरट लाकूड वाळवीला आवडतं. आतलं सोनेरी ती सहसा सोडून देते, कारण त्यात सागाचं स्वतःचं तेल असतं. तीस वर्षांच्या झाडात पांढरं लाकूड पुष्कळ निघतं. म्हणून वाढईकाकांनी प्रत्येक ओंडका वाकसाने ताशीव करून घेतला, आणि पांढरं जिथे उरलं तिथे बोरॅक्सचं पाणी पाजलं. टोकांना शेणकाला लावला, कारण ओंडका टोकांतून लवकर सुकतो आणि तडकतो. मग सावलीत, दोन ओंडक्यांमध्ये फट ठेवून, पूर्ण एक वर्ष. थोरल्याला रोज वाटायचं, आता चढवू या. काका म्हणायचे, "लाकडाले घाई करू नको, बाप्पा."

त्या वर्षभरात पाया झाला. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर घर ठेवायचं नसतं. मुरूम लागेपर्यंत खोदलं, काळ्या दगडाचं जोतं दोन फूट वर आणलं.

(ओंडका वर चढतो. दोर ताणलेले.)

हे दृश्य आम्ही चार वेळा टिपलं. भिंतीला दोन बल्ल्या तिरप्या टेकवलेल्या. दोराचं एक टोक वर बांधलेलं, दोर ओंडक्याखालून वळसा घेऊन पुन्हा वर, दुसरं टोक माणसांच्या हातात. त्यामुळे ओढायला जवळजवळ निम्माच जोर लागतो. वीस फुटांचा, सव्वाशे किलोच्या घरातला ओंडका बाबा आणि थोरला वरून ओढतात, आई खालून पहारीने सावरते. धाकटी मोजते. एकाचा बुंधा पूर्वेला, तर त्याच्यावरच्याचा पश्चिमेला, म्हणजे भिंत एका बाजूला चढत नाही.

आणि हा कोपरा. खाच वरच्या ओंडक्याला, तीही खालून. वाडग्यासारखी वर तोंड करून कोरली असती तर पावसाचं पाणी तिच्यात साचलं असतं. प्रत्येक खाच काकांनी आधी कोळशाने आखली, मग पटाशीने थोडी थोडी उतरवली. ओंडका खाली ठेवायचा, उचलायचा, काळं लागलेलं तेवढंच कोरायचं, पुन्हा ठेवायचा. एका कोपऱ्याला कधी अर्धा दिवस. या हाताला मशीन पर्याय नाही असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि ज्यांनी हा कोपरा जवळून पाहिला त्यांनाही वाटेल. काकांची स्वतःची मुलं या धंद्यात नाहीत. थोरला आता पटाशीला धार लावायला शिकलाय.

(अंबाडीचा वाख, चिखलाने भरलेले हात.)

फटींत अंबाडीचा वाख ठासला. त्यावर माती, कुटार, शेण आणि थोडा चुना यांचा गारा. थंड देशांत तिथे शेवाळ भरतात. इथे अंबाडी आहे. लाकडातून उष्णता काँक्रीटपेक्षा खूप सावकाश जाते. वर बांबूची ताटी, मातीचा थर, मग कवेलू. मे महिन्यात बाहेर नागपूर 45 अंशांच्या वर भाजत होतं, तेव्हा आमच्या कॅमेऱ्यामागची माणसं दुपारी याच भिंतीआड बसली होती.

थोरल्याचं कॉलेजचं एक वर्ष गेलं, संत्र्याच्या मृग बहाराचा पैसा सगळा यात लागला.

(दाराची चौकट. वरची फट.)

दाराच्या चौकटीवर ही तीन बोटांची फट मुद्दाम ठेवली आहे. ओंडका लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, जाडीत आक्रसतो. बारा ओंडक्यांची भिंत वाळत वाळत खाली बसते. चौकट ओंडक्यांना खिळ्यांनी जखडली असती, तर भिंत तिच्यावर लटकली असती. म्हणून ती खोबणीत सरकती ठेवली, आणि वरची जागा नुसत्या वाखाने भरली.

(धाकटी स्टुलावर उभी. हातात पेन्सिल.)

दर पौर्णिमेला ती चौकटीवर एक रेघ मारते आणि तारीख लिहिते. पहिल्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत भिंत एक बोट खाली आली. दोन बोटं बाकी आहेत.